वरची वाडी

अल कुसैस, दुबई
९ फेब्रुवारी १९९८

ती. हेमाआत्यास,
उपेंद्रचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. खोलीत सहा खाटा आहेत, साष्टांग घालायला जमीनच उरलेली नाही.)

आधी स्वेटरबद्दल. पार्सल उघडलं तेव्हा खोलीतले सगळे हसले. मुश्ताक, माझ्या शेजारच्या खाटेवरचा आणि ऑफिसातही शेजारचा, म्हणाला, "तेरी बुआ को किसी ने बताया नहीं दुबई किधर है?" मी म्हटलं, "ती अबुधाबीत भूगोल शिकवते, तिला सगळं किधर आहे ते माहीत आहे." आणि खरंच, आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एसी इतका मारतात की आता मी रोज तो घालतो. मुश्ताक रोज मागतो. देत नाही.

तुला पत्र लिहितोय कारण परवा फोन केला तर मिहिकाच बोलली, "मम्मा सेज राइट अ लेटर." तू मागेच उभी होतीस, मला भांड्यांचा आवाज येत होता. रागावली आहेस का? दहावी दोनदा सोडली, गॅरेज सोडलं, डोंगरातल्या हत्ता गावी पाण्याच्या टँकरवर लागलो तेही सोडलं, म्हणून? पण आत्या, हे काम मी सोडणार नाही. तू राजनसाहेबांना सांगितलंस, "माझा भाचा आहे, शाळेत बसला नाही पण हात स्थिर आहे," म्हणून त्यांनी मला व्हिजिट व्हिसावर ठेवून घेतलं. ते नेहमी सांगतात, तू त्यांच्या मुलीला, सान्वीला, शिकवलंस म्हणून. हे उपकार मी... असो, पुढे लिहितो.

काम असं. मोठ्या टेबलावर जुना कागदी नकाशा चिकटवायचा आणि भिंग लावलेली एक डबी रेषेवरून सरकवत न्यायची. बटण दाबलं की ठिपका कॉम्प्युटरमध्ये जातो. डबीला आम्ही उंदीर म्हणतो. तीन आठवडे माझा उंदीर एका नदीवरून चाललाय. नेर्गाना नाव. रशियाच्या पार ईशान्येला, जिथे झाडंसुद्धा थंडीने बुटकी राहतात म्हणे. चारी बाजूंना डोंगर, रस्ता नाही, गाव नाही. थंडीत नदीच गोठते आणि तिच्यावरून ट्रक जातात. इथे आपण शेख झायद रोडवर, ते नदीवर.

मला तर ती नदी पाठ झाली आहे. कागदावर अगदी वर ती समुद्रासारखी रुंद आहे, दहा फाटे, मध्ये बेटं. मग खाली येत येत बारीक होते, एका खिंडीतून जाते, आणि कागदाच्या तळाला डोंगरात दोऱ्यासारखी होऊन संपते. मुरत असेल. हत्त्याला तसंच बघितलंय, इथे 'वाडी' म्हणतात नदीच्या कोरड्या पात्राला. पाऊस पडला की डोंगरात फुगते आणि पुढे रेतीत गडप. (आपल्या वाडीत निदान माणसं असतात.)

आता माझी शाबासकी ऐक. नदीवर शिकाऱ्यांच्या दोन जुन्या लाकडी खोल्या आहेत, वेर्खनी आणि निझनी. माझ्याकडे वीस रशियन शब्दांची यादी आहे, त्यात वेर्खनी म्हणजे वरचा, निझनी म्हणजे खालचा. आणि कागदावर काय? वरचा छापलाय खाली, खालचा छापलाय वर! मी राजनसाहेबांना दाखवलं. दोन्ही नावं अदलाबदल करून नीट केली, कागदावर बाण नव्हते म्हणून पाण्याचे बाणही टाकले. साहेब म्हणाले, "अरे वा! रशियनांची चूक पकडलीस." एक तारखेपासून पर्मनंट, इन्शाल्ला. माझा व्हिजिट चौदा मार्चला संपतो, त्याआधी कागद होतील.

गंमत म्हणजे त्या नदीवर खाणीचा कॅम्प बांधायला इथूनच चौदा माणसं चाललीत, सहा मार्चला. त्यात विष्णू सुतार आहे. मी मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात तीन महिने ज्याच्या वरच्या खाटेवर झोपायचो, तो. त्यांना वेर्खनीला खोल्या ठोकायच्यात. त्याने दहा दिरहॅमला, म्हणजे एकशेदहा रुपयांना, दोन माकडटोप्या घेतल्या आणि मला विचारतो, "उप्या, कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन थोडी प्रॅक्टिस करू काय?"

मुश्ताक दिवा बंद कर म्हणतोय. काकांना नमस्कार, मिहिकाला हाय.

तुझा,
उपेंद्र


अबुधाबी
१४ फेब्रुवारी १९९८

चि. उपेंद्र,
अनेक आशीर्वाद.

मी रागावलेली नाही. फोन मला आवडत नाही, एवढंच. पत्रात तू जास्त शहाणा दिसतोस.

तुझी नदी फार आवडली. चार वेळा वाचली. पण मास्तरणीची खोड आहे, प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. कागद टेबलावर असेल तेव्हा एवढं बघ.

नदी म्हातारी होताना रोडावते का रे? वाळवंटात रोडावते, कारण ऊन आणि रेती तिला पिऊन टाकतात. जिथे जमीन बारा महिने गोठलेली असते तिथे पाणी मुरेल कुठे?

दुसरं. लहानपणी तुझ्या खिशात कायम बेचकी असायची. उपनद्या मोठ्या नदीला मिळतात तिथे बेचकीचाच आकार होतो. दोन फाटे आणि एक दांडी. दांडी जिकडे, तिकडे पाणी चाललंय. बघ दांड्या कुठे आहेत.

तिसरं. तपकिरी वाकड्या रेषा असतील, त्यांना समोच्च रेषा म्हणतात. त्यांच्यावरचे आकडे वाच. मोठा आकडा म्हणजे उंच जागा.

आणि चौथं, हे फक्त तुलाच विचारता येईल. आपल्या गावात तुमचं घर खालच्या वाडीत. वरची वाडी कुठल्या दिशेला? दक्षिणेला, देवराईच्या अंगाला. नकाशा काढलास तर ती कागदावर खाली येईल. मग तिला 'वरची' का म्हणतात?

कागदाला विचारू नकोस, पाण्याला विचार.

एक गोष्ट अजून, आणि ही गमतीची नाही. उत्तरेला वाहणाऱ्या थंड मुलखातल्या नदीचं कसं असतं सांगते. वसंतात वरचा, दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो. खाली उत्तरेला अजून सगळं गोठलेलं. म्हणजे दार बंद आणि मागून जत्रेची गर्दी. खिंडीत बर्फ अडतो, त्याचं धरण होतं, आणि पाणी काही तासांत घराएवढं चढतं. म्हणूनच शहाणी माणसं वस्ती 'वरच्या' जागी करतात.

विष्णूला किती तारखेला जायचंय म्हणालास?

तुझी,
आत्या


अबुधाबी
१ मार्च १९९८

चि. उपेंद्र,
पंधरा दिवस झाले. पत्र नाही. मिहिकाने तुझ्या ऑफिसात फोन लावून दिला होता, कुणीतरी "बिझी, बिझी" म्हणालं असं ती सांगते.

तू बरा असशील तर एक ओळ लिही. बघितलंस ना? मला वाटतं बघितलंस.

आत्या


अल कुसैस
४ मार्च १९९८

ती. आत्यास,
नमस्कार.

बघितलं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी बघितलं. सगळ्या दांड्या वर होत्या. आकडे खाली मोठे, वर लहान. रशियनांची काहीच चूक नव्हती. नदी डोंगरातून निघते आणि उत्तरेला जाते, आणि वेर्खनी कागदाच्या तळालाच असायला हवी, आपल्या वरच्या वाडीसारखी. नावं बदलून मी विष्णूला निझनीच्या जागी, खिंडीत नेऊन बसवलं होतं. माझे सगळे बाणही उलटे.

आणि त्यानंतर मी पंधरा दिवस गप्प बसलो, आत्या. हे लिहायला लाज वाटते पण तुला खोटं लिहून काय उपयोग, तुला दिसतंच. मुश्ताकला सांगितलं. तो म्हणाला, "चुप बैठ. उधर के ड्रायव्हर को मालूम होगा ना. तेरा व्हिसा लगने दे, फिर बोल." मलाही तेच ऐकायचं होतं. रोज वाटायचं, एक तारीख जाऊ दे. एक तारीख गेली. साहेबांनी व्हिसाचा फॉर्म माझ्यासमोर टेबलावर ठेवला, म्हणाले, "फोटो आण." फोटोही काढले, तुझा स्वेटर घालून.

काल संध्याकाळी मुहैस्नाहला विष्णूला भेटायला गेलो. कॅम्पात तो खाटेवर हत्यारं मांडून बसला होता, रंधा, पटाशी, सगळ्याला तेल लावत. मला म्हणाला, "उप्या, तू ती जागा बघितलीस ना कागदावर? कशी आहे रे?" मी म्हटलं, "चांगली आहे." तो म्हणाला, "मग झालं. ओळखीच्या माणसाने काढलेला नकाशा आहे, मला काळजी नाही."

मी बसस्टॉपपर्यंत आलो आणि बस समोर उभी असताना चढलोच नाही. चालत कुसैसला आलो. साहेब ऑफिसात होते. उभ्या उभ्याच सांगितलं.

त्यांनी आधी कागद काढला, बेचक्या बघितल्या. मग म्हणाले, "हे करेक्शन तुझं होतं ना? तेव्हा तर ऐटीत आला होतास."

"हो सर."

"आणि कळलं कधी?"

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. म्हटलं, "सतरा फेब्रुवारीला."

आत्या, त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "चूक समजू शकतो. मीही तपासलं नाही, म्हणजे माझीही आहे. पण पंधरा दिवस?" मग खाणीच्या कंपनीला फॅक्स टाकला, रात्रीपर्यंत तीनदा टाकला. उत्तर नाही. मला म्हणाले, "फॉर्म राहू दे. चौदाला एक्झिट घे. पुढचं बघू."

परवा विष्णू उडतोय. फॅक्स कुणी वाचला की नाही, कुणाला माहीत नाही. मी त्याला जाऊन सगळं सांगितलं. त्याने शिवी दिली, एकच, पण पूर्ण. मग म्हणाला, "तिकडे उतरल्यावर काय विचारायचं ते मराठीत लिहून दे." मी लिहून दिलं: नदी कुठून येते ते बघ. पाण्याच्या उलट चालत जा. खिंडीत थांबू नकोस.

तुझ्या चार प्रश्नांबद्दल काय लिहू. ते आले नसते तर मी आत्ता खूश असतो, हे कळतंय ना तुला? म्हणून आभार.

उपेंद्र


किश बेट, इराण
१९ मार्च १९९८

ती. आत्यास,

हे पत्र ताजबी नावाच्या बाई दुबईला नेऊन पोस्टात टाकतील. त्या शिवणकाम करतात, अकरा दिवस इथे होत्या, आज त्यांचा व्हिसा आला. इथे सगळे वाट बघणारेच आहेत. दुबईतून बाहेर पडायचं, या बेटावर उतरायचं, आणि कुणीतरी नवा व्हिसा पाठवील म्हणून हॉटेलच्या पायरीवर बसायचं. आला तर तासाभराचं विमान. नाही आला तर थेट घर. साहेब फक्त "बघू" म्हणालेत.

एक गोष्ट विचारू? इथून तुला फोन केला होता. मिहिका घरात नव्हती वाटतं, तूच उचललास. मी विचारलं, "आत्या, मी चुकलो ना गं?" तू म्हणालीस, "हो हो, छान." मी म्हटलं, "विष्णूचं काही कळलं नाही." तू म्हणालीस, "छान छान, जेवलास का?" आणि ठेवून दिलास.

तू असं टोचून बोलशील असं वाटलं नव्हतं. पण बरोबर आहे, माझं चुकलंच. दोन दिवस वाईट वाटलं, आता नाही. इथला समुद्र फार सुंदर आहे, निळा नाही, हिरवा, म्हणजे सकाळी हिरवा आणि... ताजबी निघाल्या, बॅग बंद करतायत. त्यांनी मला त्यांच्या वाटणीचा अर्धा खजूर दिला. माणसं चांगली भेटतात मला, हे कायमचंच आहे.

उपेंद्र


अबुधाबी
२ एप्रिल १९९८

चि. उपेंद्र,
आशीर्वाद.

मुश्ताककडून मिहिकाला कळलं की तुझा व्हिसा आला आणि तू परत कुसैसला आहेस. देव पावला. म्हणून हे तिथल्याच पत्त्यावर.

आता माझी पाळी. तू पंधरा दिवस गप्प होतास, मी दोन वर्षं आहे.

मला ऐकू येत नाही. डावा कान गेलाच आहे, उजव्यात थोडं येतं, तेही समोर ओठ दिसले तर. फोनमध्ये नुसती घरघर येते. तू किशहून बोललास तेव्हा मला एवढंच कळलं की उपेंद्र आहे आणि जिवंत आहे. म्हणून म्हटलं छान. अंदाजाने बोलले. मी तुला टोचीन का रे?

शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. मुलं हळू आवाजात, इंग्रजीत, तोंडावर हात ठेवून उत्तर देतात. मी म्हणायची, "फळ्यावर येऊन लिही." सगळ्यांना वाटायचं टीचर कडक आहे. परवा एक मुलगी मागच्या बाकावर चक्कर येऊन पडली, शेजारच्या हाका मारत होत्या आणि मी फळ्याकडे तोंड करून तुझीच नदी काढत होते. मुलगी बरी आहे. पण मी त्याच दिवशी प्रिन्सिपॉलना सगळं सांगितलं आणि वर्ग सोडला. तुझं चार मार्चचं पत्र तेव्हा पर्समध्ये होतं. तू पायी चालत जाऊन सांगू शकतोस तर मला एक जिना उतरायला काय होतं, असं वाटलं.

तेव्हा आभार कुणी कुणाचे मानायचे ते आपण भेटल्यावर ठरवू. समोर बसून. सावकाश बोल, आणि मिशी वाढवली असशील तर ओठांवरून थोडी काप.

तुझी,
आत्या


अल कुसैस
२० जून १९९८

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार. (आज खरा घातला. मुश्ताकची खाट सरकवून. तो म्हणाला, "इबादत है या कसरत?")

विष्णूचं पत्र आलं! हेलिकॉप्टरवाल्याने आणून तिथल्या पोस्टात टाकलं, मग फिरत फिरत आलं. जसंच्या तसं उतरवतो, त्याचं शुद्धलेखन तुला सहन होणार नाही म्हणून तेवढं सुधारून.

"उप्या, फॅक्स आम्ही पोचायच्या आधी पोचला होता. म्हणून आम्हाला वरतीच उतरवलं. तरी मी तुझ्या चिठ्ठीप्रमाणे तपासलं. बर्फाला भोक पाडून आत काडी सोडली, ती उत्तरेला गेली. मग झोपलो.

"दोन जूनला सकाळी जेवत होतो. ताटातली डाळ हलायला लागली. कुणी टेबल हलवतंय वाटलं. नंतर पोटात काहीतरी झालं, मोठा ढोल जवळ आला की होतं तसं. आवाज त्याच्याही नंतर आला. बाहेर आलो तर आख्खी नदी चाललेली, वरचं झाकणच उचकटून. आमच्यापासून पाणी तीस हात खाली. चार दिवसांनी हेलिकॉप्टरवाल्याने खिंड दाखवायला नेलं. निझनीची खोली नव्हती. झाडं आडवी करून घराएवढे बर्फाचे ठोकळे उभे होते. 

"तुझं डोकं फोडणार होतो. आता तुझ्यासाठी एक चमचा कोरतोय, इथल्या लाकडाला वास चांगला आहे. खोलीच्या दारावर मी फळी ठोकली आहे, मराठीत. वरची वाडी. रशियन विचारतात काय लिहिलंय. मी म्हणतो वेर्खनी."

मी हे राजनसाहेबांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत बसले. आणि मग, आत्या, मला तुझी चोरी सापडली. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि वर तुझं अक्षर! तुझा वळणदार 'भ' मी कुठेही ओळखीन. दहा मार्चचं पत्र. तू मला एक शब्द सांगितला नाहीस. "मुलाने चूक दडवली हे वाईट. पण व्हिसा हातात यायच्या आधी कबूल केली. मी पंचवीस वर्षं पेपर तपासतेय, स्वतःची चूक स्वतः लाल शाईने खोडणारी मुलं मला मोजकी भेटली." साहेब म्हणाले, त्याच दिवशी त्यांनी माझा फॉर्म भरला. किशला अकरा दिवस लागले ते सरकारी कामाचे.

तुझ्या कानांचं मी त्यांना सांगितलं होतं. ते पुढे म्हणाले, "नकाशा बाहेर जाण्याआधी बघायला मला एक माणूस हवाय. ऐकू आलं नाही तरी चालेल, दिसायला हवं. तुझ्या आत्या बघतील का? गुंडाळ्या अबुधाबीला पाठवत जाऊ." मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलंय. माझी ही शेवटची न विचारता केलेली दुरुस्ती समज.

आणि हे वाचून डोक्याला हात लावू नकोस: जुलैत दुसरी तुकडी चाललीय, मोजणीची फीत धरायला माणूस हवा आहे. मी नाव दिलंय. काम सोडत नाहीये, साहेबांनीच पाठवलंय! चार महिने ज्या नदीवरून उंदीर फिरवला तिच्यात एकदा पाय घालतो आणि येतो. स्वेटर नेतोय. मुश्ताक म्हणतो, "अब समझा, बुआ ने पहले से भेजा था."

तुझा,
उपेंद्र


अबुधाबी
२७ जून १९९८

चि. उपेंद्र,
आशीर्वाद.

पहिली गुंडाळी आली. जेवणाच्या टेबलावर पसरली आहे, तुझे काका बिचारे स्वयंपाकघरात उभे राहून जेवतात. दोन बेचक्या उलट्या सापडल्या. मुश्ताकला सांग, त्याच्या आहेत.

राजनसाहेबांनी ते पत्र तुला दाखवायला नको होतं. असो.

जा. उतरल्यावर आधी वाकून पाणी कुठून येतं ते बघ, मग टोपी घाल. एक दगड आण, छोटा, प्रवाहातला गुळगुळीत.

आणि विष्णूला माझा निरोप दे. त्याचं पत्र मी मिहिकाला मोठ्याने वाचायला लावलं, टेबलावर तळहात ठेवून बसले होते. ती मध्येच थांबून म्हणाली, "बट मम्मा, यू कान्ट हिअर मी." मी म्हटलं, तू वाच. त्याला सांग, आवाज नंतर आला असेल. डाळ हलली तेव्हाच मला ऐकू आलं.

तुझी,
आत्या